किलीम आणि गालिचा: वीण वेगळी, म्हणून घरातली जागाही वेगळी

देशोदेशीच्या हातविणीच्या वस्त्रांनी घर सजवू पाहणाऱ्यांच्या बोलण्यात किलीम आणि गालिचा हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. दोन्ही बहुधा लोकरीचे असतात, दोन्ही मागावर विणले जातात, पुष्कळदा दोन्हींवर भौमितिक नक्षी असते आणि छायाचित्रात तर फरक ओळखणे कठीणच असते. त्यातूनच किलीम म्हणजे पातळ आणि स्वस्तातला गालिचा, असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. या दोहोंत रंग कापडावर येतो तोच मुळी वेगळ्या मार्गाने, आणि कोणते वस्त्र जमिनीवर टिकेल व कोणते भिंतीवर शोभेल, हेही त्यावरच ठरते.

गालिच्यात ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे धागे मिळून केवळ पाया तयार होतो. नक्षी दिसते ती या पायावर रंगीत लोकरीच्या मारलेल्या गाठींमुळे. प्रत्येक गाठ साधारणपणे ताण्याच्या दोन धाग्यांवर बसते, एक ओळ पुरी झाली की बाण्याचा धागा घालून ती ठोकून घट्ट केली जाते, आणि गाठींची मोकळी टोके कातरून सारखी केली की वर मऊ लव उभी राहते. तुर्कस्तानात रूढ असलेली गाठ दोन्ही धाग्यांना वेढते, तर इराणमध्ये सर्वाधिक आढळणारी गाठ एकाला पूर्ण वेढून दुसऱ्याच्या केवळ मागून निघते. नक्षी अशी ठिपक्या-ठिपक्याने भरली जात असल्यामुळे वेली, फुले, पाने अशी कितीही वळणदार आकृती साधता येते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अर्दबील गालिच्यात (इ.स. १५३९-४०) दहा सेंटीमीटर बाजूच्या एका चौरसात सुमारे ५३०० गाठी आहेत, आणि तो गालिचा दहा मीटरांहून लांब आहे. ही कला किती जुनी आहे, याची साक्ष सायबेरियातील अल्ताय पर्वतात १९४९ साली उत्खननात मिळालेला पाझिरिक गालिचा देतो. थडग्यात पाणी शिरून गोठल्यामुळे तो सुमारे अडीच हजार वर्षे टिकला, आणि त्यातील गाठी दोन्ही धाग्यांना वेढणाऱ्याच आहेत.

किलीमात गाठ नसते आणि लवही नसते. रंगीत बाणा ताण्याच्या वर-खालून जातो आणि इतका दाबून ठोकला जातो, की ताणा पूर्णपणे झाकला जातो. म्हणजे जो धागा नक्षी काढतो, तोच कापडही असतो. प्रत्येक रंगाचा बाणा कापडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत न जाता आपल्या क्षेत्राच्या सीमेवरूनच मागे वळतो. दोन रंगांची सीमा उभी सरळ असेल, तर तेथे कापडात चीर राहते. चीर लांब झाली तर कापड कमकुवत होते, म्हणून विणकर सीमा तिरकी किंवा पायऱ्यापायऱ्यांची ठेवतात. किलीमावरचे त्रिकोण, समभुज चौकोन आणि पायऱ्यांची नक्षी यांमागे परंपरेइतकीच वीणही आहे. विक्रेते प्रत्येक आकृतीला मातृदेवता, सुफलता, दृष्ट न लागणे असे ठरावीक अर्थ चिकटवतात. त्यांतले काही खरे असतीलही, पण एखादा त्रिकोण केवळ चीर टाळण्यासाठी आलेला असू शकतो, एवढे भान ठेवावे.

चीर टाळण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे शेजारच्या दोन रंगांचे धागे सीमेवर एकमेकांत अडकवणे. अमेरिकेतील नावाहो या मूळनिवासी जमातीचे विणकर हीच पद्धत वापरतात. सर्बियातील पिरोत येथील किलीम उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखाच दिसण्यासाठी प्रसिद्ध आहे. बल्गेरियातील चिप्रोव्त्सी येथील विणकामाची परंपरा २०१४ साली, तर रोमानिया आणि मोल्दोव्हा येथील भिंतीवर लावायच्या विणीची परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

ओळखण्यासाठी वस्त्र उलटून पाहणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. गालिच्याच्या मागे गाठींचे बारीक ठिपके ओळीने दिसतात आणि पुढची नक्षी तेथे लवेविना स्पष्ट उमटलेली असते. चिरांचा किलीम उजेडासमोर धरला, तर रंगांच्या उभ्या सीमांवर प्रकाशाचे बारीक बिंदू दिसतात. मात्र लव नसलेले प्रत्येक वस्त्र किलीम नसते. कॉकेशस आणि इराणमध्ये विणल्या जाणाऱ्या सुमाकमध्ये रंगीत धागा ताण्याभोवती गुंडाळत नेलेला असतो आणि मागे त्याची टोके सहसा मोकळी लोंबतात. दुसऱ्या टोकाला, लव आहे पण गाठ नाही असाही माल हातविणीच्या नावाखाली विकला जातो: यंत्राच्या पिस्तुलाने कापडात धागे ठासून, मागे गोंद लावून त्यावर अस्तर चिकटवलेले असते. मागे असे अस्तर दिसले, तर वस्त्र गाठींचे नाही असे समजावे.

घरात जागा ठरवताना एका गोष्टीचा विचार आधी करावा. वर्दळीत गालिच्याची लव आधी झिजते आणि पाया बराच काळ सुरक्षित राहतो. किलीमात झीज थेट कापडालाच लागते. म्हणून दारापाशी, बोळात किंवा खुर्च्या सतत सरकणाऱ्या जागी मी किलीम अंथरणार नाही, कारण खुर्चीचा पाय चिरेत अडकला की ती फाटत जाते. मोकळ्या खोलीत अंथरला, तरी हलका किलीम पायाखालून सरकतो. त्याखाली न घसरणारे अस्तर हवेच. मात्र पलंगावर, बाकावर आणि विशेषतः भिंतीवर तो गालिच्यापेक्षा सरस ठरतो, कारण वजन कमी असते आणि नक्षीच्या कडा स्वच्छ दिसतात. टांगताना ताणा उभा राहील असाच टांगावा, म्हणजे वजनाने चिरा उघडत नाहीत. वरच्या काठाला सुती पट्टी शिवून तिच्यातून दांडी घातली की भार सर्वत्र सारखा वाटला जातो. चार खिळ्यांवर टांगलेले वस्त्र लवकरच त्या चार ठिकाणी ताणले जाते.

गालिचा अंथरण्यापूर्वी तो दोन्ही टोकांकडून पाहावा. लव एका दिशेला झुकलेली असल्यामुळे एका टोकाकडून तोच गालिचा फिका आणि दुसऱ्या टोकाकडून गडद दिसतो; खोलीत शिरताना कोणता रंग समोर यावा, हे ठरवूनच दिशा निवडावी. झाडण्यासाठी यंत्र वापरायचे, तर फिरता ब्रश बंद ठेवून लवेच्या दिशेने वापरावे आणि झालरीवर फिरवू नये. थेट ऊन मात्र दोघांनाही घातक आहे. अर्दबील गालिच्यावरचे दिवेसुद्धा दर अर्ध्या तासाला केवळ दहा मिनिटे पूर्ण लावले जातात. लोकरीला लागणारी कसर अंधाऱ्या, न हललेल्या जागी वाढते. किलीमावर तिने पाडलेले भोक लगेच दिसते, तर गालिच्यात ती लवेच्या मुळाशी दडून बराच काळ लक्षात येत नाही, म्हणून जड कपाटाखाली गेलेला गालिच्याचा भाग अधूनमधून उलटून तपासावा.