इंग्रजीतील आगत शब्दांचे वर्णलेखन

इंग्रजीने लॅटिन, फ्रेंच, ग्रीक, इटालियन, डच, अरबी, फार्सी आणि भारतीय भाषांतून घेतलेल्या शब्दांची रोमन अक्षरांत लिहिण्याची रूढ रीत. व्यवहारातले नाव ‘स्पेलिंग’. मराठीत परका शब्द साधारणपणे उच्चाराप्रमाणे लिहिला जातो. इंग्रजीत मात्र तो ज्या भाषेतून आला तिचे लेखन बरोबर घेऊन येतो आणि उच्चार तेवढा इंग्रजी वळणाचा होतो. त्यातच इंग्रजीत आघात (जोर) नसलेल्या अवयवांतले, म्हणजे उच्चारखंडांतले, स्वर बोलताना पुसट होतात; तिथे ए लिहायचा, ई की ओ, हे कानाला कळत नाही. शब्द कोणत्या वाटेने आला हे माहीत असले, तर यातली बरीचशी अडचण सुटते. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन याने आपल्या कोशाच्या (१७५५) प्रस्तावनेत हेच तत्त्व मांडले आहे. ‘एंटायर’ या शब्दाचा आरंभ त्याने आयने न करता ईने केला. कारण तो थेट लॅटिनमधून न येता फ्रेंचमधून आला. अनेक शब्दांच्या बाबतीत ही वाट लॅटिनची की फ्रेंचची हे ठरवणे अवघड असल्याचेही तो नमूद करतो.

वाट आणि काळ या दोन्हींचा ठसा सी-एच या जोडाक्षरावर स्पष्ट दिसतो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार ‘च’ असा होता. तेराव्या शतकाच्या सुमारास तो ‘श’ झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्यामुळे १३०० च्या आसपास इंग्रजीत आलेला ‘चीफ’ आणि एकोणिसाव्या शतकात आलेला ‘शेफ’ हे मूळचा एकच फ्रेंच शब्द असून दोन उच्चारांनी नांदतात. ‘मशीन’ही उशिरा आलेला, म्हणून शकारी. ‘कोरस’, ‘आर्किटेक्ट’ यांतला सी-एच मात्र ग्रीक आहे आणि तिथे तो ‘क’ होतो.

ग्रीक शब्दांतल्या पी-एच, टी-एच, सी-एच या जोड्या रोमन लोकांनी बसवल्या. अभिजात ग्रीकमध्ये ही महाप्राण व्यंजने होती. ‘फळ’ या शब्दातला खरा ओष्ठ्य फ, तसेच थ आणि ख यांना जवळची. लॅटिनमध्ये महाप्राण नसल्याने अल्पप्राण अक्षरापुढे एच लिहून काम भागवले गेले. पुढे, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, ग्रीक उच्चार पालटून फचा दंत्योष्ठ्य ‘फ’ (‘फोटो’तला) झाला, लेखन होते तसे राहिले. हीच युक्ती इंग्रजांनी भारतीय ख, घ यांसाठी वापरली (‘खाकी’, ‘घाट’). ‘स्पगेटी’तल्या जी-एचचा तिच्याशी संबंध नाही. इटालियनमध्ये ई आणि आय यांच्या आधी जीचा उच्चार ‘ज’कडे झुकतो, तो ‘ग’ राहावा म्हणून तिथे एच घालतात. ‘घोस्ट’ हा शब्द मूळचा इंग्रजी असला, तरी त्यातला एच फ्लेमिश लेखनाच्या वळणातून, इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याच्या छापखान्यामार्फत (१४७६ नंतर) शिरला असावा.

लेखन आणि उच्चार दोन वेगळ्या भाषांतून आल्याचे ठळक उदाहरण ‘कर्नल’. इटालियनमध्ये ‘कोलोन्ना’ म्हणजे स्तंभ, त्यावरून सैन्याची रांग. तिचा नायक तो ‘कोलोनेल्लो’. फ्रेंचमध्ये जाताना विषमीकरणाने (शब्दातल्या दोन सारख्या ध्वनींपैकी एक बदलल्याने) पहिल्या ‘ल’चा ‘र’ झाला आणि सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘कोरोनेल’ हे रूप इंग्रजीत आले. शतक संपत येता येता इटालियन युद्धशास्त्रीय ग्रंथांच्या वाचनामुळे आणि भाषांतरांमुळे ‘ल’ परत आला, पण तो लेखनात. दोन्ही उच्चार दीर्घकाळ चालू होते. अखेर बोलण्यात ‘र’ टिकला आणि कागदावर एल. राजमुकुटवाचक ‘कोरोना’शी जोडलेली व्युत्पत्ती लोकव्युत्पत्ती समजावी. स्पॅनिशमध्ये आजही ‘कोरोनेल’च आहे, आणि मराठीने ‘कर्नल’ लिहून बोलण्याची बाजू घेतली. ‘डेट’ (कर्ज) या शब्दातला न उच्चारला जाणारा बी याच काळातला. शब्द फ्रेंचमधून बीवाचून आला होता; लॅटिन ‘डेबितुम’ची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो मागाहून घातला.

भारतीय शब्दांचे लेखन दोन थरांत झाले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत कंपनीच्या माणसांनी कानाला जसे वाटले तसे लिहिले. ‘कट’, ‘बट’ यांतला यू त्यांना आपल्या ‘अ’सारखा वाटला, म्हणून जंगल, ठग, पंडित यांत यू आला, ‘ई’साठी दोन ई आणि ‘ऊ’साठी दोन ओ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम विल्सन हंटर याच्या गॅझेटियरांबरोबर ‘अ’साठी ए लिहिण्याची पद्धत सरकारी कामात रुळली. घराघरांत पोचलेले शब्द मात्र बदलले नाहीत. ‘पंडित’ची तर यूचे आणि एचे अशी दोन्ही रूपे कोशात आहेत. त्यांपैकी यूचे आता वृत्तवाहिन्यांवरच्या भाष्यकारालाही लागते.

मुंगसाला इंग्रजीत जे ‘मंगूस’ म्हणतात, त्या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सुरत, मुंबई आणि जुन्नर या भागांत फिरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात हा प्राणी फेरेट या पाळीव शिकारी प्राण्याचा नातलग म्हणून येतो. यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात शब्द तेलुगू ठरवला, पण प्राणिशास्त्रज्ञ जर्डन याने तो दख्खनी आणि मराठी म्हणून दिल्याचेही नोंदवले. ऑक्सफर्ड कोशाचा कल मराठीकडे आहे. पोर्तुगीज मध्यस्थीचीही शक्यता मांडली जाते. तेलुगू ‘मुंगिस’ आणि कन्नड ‘मुंगुसि’ पाहता शब्दाचे अंतिम मूळ द्राविडी असणे संभवनीय वाटते. पण इंग्रजांच्या कानी तो कुठे पडला हा प्रश्न निराळा. सुरत-मुंबई पट्ट्यातल्या लेखकाकडे तो सापडतो, तेव्हा लगतचे मूळ मराठी धरणे अधिक सयुक्तिक. दोन्ही मतांत त्यामुळे खरा विरोध उरत नाही. स्पेलिंगचा गोंधळ शब्दाच्या दोन्ही भागांत आहे. यूल-बर्नेल पहिल्या अवयवात यू लिहितात. आज तिथे ओ रूढ आहे. ‘गूस’ हा भाग हंसवाचक इंग्रजी शब्दासारखा लिहिला जाऊ लागला, पण त्या पक्ष्याचे ‘गीस’ हे अनेकवचन मुंगसाला लागत नाही. तिथे साधा एसच जोडतात.

‘व्हरांडा’च्या शेवटी एच असावा की नसावा याबाबत इंग्रजीत आजही एकवाक्यता नाही. शब्द संस्कृत ‘वरण्ड’वरून आल्याचे मत एके काळी प्रचलित होते. परंतु वास्को द गामाच्या १४९८ च्या प्रवासाच्या पोर्तुगीज रोजनिशीत ‘वरांडा’ हा शब्द काही स्पष्टीकरण न देता, घरचा असावा तसा आला आहे, आणि १५०५ च्या एका स्पॅनिश-अरबी शब्दसंग्रहातही तो आढळतो. शब्द भारतात पोर्तुगिजांबरोबर आला, हेच मत ग्राह्य दिसते. अखेरचा एच मुळात नाही. पौर्वात्य शब्दांना तो जोडण्याची इंग्रजांची सवय त्यामागे असावी.

व्यक्तिनामांवरून पडलेल्या वनस्पतिनामांचा वेगळाच प्रकार आहे. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या नावाची वेल १७८९ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युसिअने प्रसिद्ध केली तेव्हा प्रजातिनामाच्या आरंभी बी-यू-जी असे होते. फ्रेंच आडनावाप्रमाणे बी-ओ-यू-जी नंतर स्थिरावले. मराठीने तिची ‘बोगनवेल’ केली. ‘मुंगसा’त इंग्रजांनी हंस पाहिला, तसा मराठी माणसाने या नावात वेल पाहिला.

हेच नाव २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ‘स्पेलिंग बी’ या शब्दलेखनाच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका सहविजेत्याला आले. त्या वर्षी विजेते आठ होते. १९२५ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत स्पर्धकाला शब्दाची मूळ भाषा विचारता येते. तयारीतली मुले त्यामुळे भाषावार लेखननियम शिकतात आणि गेल्या काही दशकांत विजेत्यांत भारतीय वंशाची मुले मोठ्या संख्येने आहेत. पण ज्या भाषेची लिपीच रोमन नाही तिथे हे नियम अपुरे पडतात. २०१३ मध्ये अरविंद महंकाळी याने ‘क्नेडल’ (पिठाचा उकडलेला गोळा) हा यिडिश, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या भाषेतला, शब्द अचूक सांगून स्पर्धा जिंकली. आधीची दोन वर्षे तो जर्मन वळणाच्या शब्दांवर अडून तिसरा आला होता. यिडिश हिब्रू लिपीत लिहितात. न्यूयॉर्कच्या यिवो या यिडिश-अभ्यास संस्थेच्या लिप्यंतर-पद्धतीनुसार के-एन-ई-वाय-डी-एल हे रूप हवे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. यिडिश घरांतून याहून निराळी रूपेही पुढे आली. स्पर्धा वेबस्टरचा बृहत्कोश प्रमाण मानते आणि त्यात के-एन-ए-आय-डी-ई-एल असे आहे.