काळ्या पोर्टरवरचा कोशर शिक्का : पार्श्वभूमी

ज्यूंच्या हनुक्का सणाच्या सुमारास कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, असा शिक्का असलेली एखादी काळी पोर्टर बिअर बाजारात आली की विचारलं जातं, बिअरला शिक्का लागतोच कशाला? जव, हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, यीस्ट, पाणी. यात निषिद्ध काहीच नाही. वाइन ज्यूंच्याच हातून बनलेली हवी, तसं बंधन बिअरला नाही. ती पिण्याआधी म्हणायचा आशीर्वादसुद्धा पाण्याआधी म्हणतात तोच.

पोर्टर मूळची लंडनची, अठराव्या शतकातली, हमालांच्या आवडीची. नावही त्यांच्यावरूनच पडलं. १८१७ मध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट निघालं आणि आज आपण ओळखतो तो काळाभोर रंग तिला सहज देता येऊ लागला.

खरा वाद रंगला तो माशाच्या फुग्यावर. माशाच्या पोटातला हवेचा फुगा वाळवून आम्लात भिजवला की चिकट रस होतो. तो पिंपात घातला की यीस्टचे कण धरून तळाशी बसतो आणि वरची बिअर नितळ होते. आपल्या किनाऱ्यावर घोळीचा बोत सोन्याच्या भावाने विकला जातो, तो हाच अवयव. युरोपात मात्र फुगा यायचा स्टर्जन नावाच्या माशाचा, आणि स्टर्जनच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली. पर आणि खवले असलेलाच मासा खायचा, हा ज्यू नियम कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाळला. त्या नियमात स्टर्जन बसत नाही, असं बहुतेक धर्मपंडितांचं मत.

अठराव्या शतकात प्रागमधल्या एका थोर रब्बींपुढे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपुढे, हा प्रश्न आला, तोही बिअरचा नव्हे, मधापासून केलेल्या मद्याचा. निषिद्ध वस्तू साठात एक भाग किंवा त्याहून कमी मिसळली गेली तर ती ‘रद्द’ धरतात, पण ते नकळत घडलेलं असावं लागतं. मुद्दाम घालायची आणि मग रद्द म्हणायचं, याला परवानगी नाही. रब्बींचा निवाडा असा : फुगा पेयात राहावा म्हणून घातलेलाच नाही, गाळ काढायला घातलाय आणि गाळाबरोबर तो खाली जातो; म्हणून चालेल. यावरचा आक्षेप उघड आहे, घालणारा हात तर जाणूनबुजूनच घालतो ना? तो आक्षेप मानूनही मला निवाडाच पटतो. वस्तू कशासाठी वापरली हे त्याने पाहिलं, आणि असंख्य पिंपांवरचा संशय त्यामुळे फिटला.

१७९५ मध्ये एका स्कॉटिश अभियंत्याने स्वस्त पर्याय म्हणून कॉड माशाचा फुगा पुढे आणला. कॉडला खवले असतात, तेव्हा तिथे वादाचं कारणच उरत नाही. डब्लिनच्या जगप्रसिद्ध काळ्या बिअरने, गिनेसने, तर २०१५ मध्ये फुगाच सोडत असल्याचं जाहीर केलं.

आजची अडचण निराळी आहे. पोर्टरमध्ये व्हॅनिला येतो, दुधाची साखर येते, कधी ती वाइनच्या जुन्या पिंपात मुरते. अशा बाटलीला शिक्का हवाच. १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डाळिंबाचा रस घालून सुरू झालेल्या एका ज्यू बिअरने तो अभिमानाने मिरवला. २००४ मध्ये आठव्या वाढदिवसाला तिने गडद बिअर काढली : आठ माल्ट, आठ हॉप्स, आठ टक्के अल्कोहोल. पुढे काही वर्षं आकडा दरवर्षी एकेकाने चढत गेला.

चाखताना ती फ्रिजमधून काढून थोडी थांबू द्यावी; गार पोर्टर मुकी असते. ग्लास दिव्यासमोर धरला की कडेला माणकासारखी लाली दिसते, फेस फिक्या बदामी रंगाचा. आधी वास कॉफीचा, मग करपत आलेल्या गुळाचा, आणि शेवटी जिभेच्या मागे कोरडा भाजका कडूपणा रेंगाळतो. दुधाची साखर असेल तर तो कडूपणा गोलसर होतो. पण मग लेबलवर दुग्धजन्य असल्याची खूण येते, आणि मांसाच्या जेवणाशी ती घेता येत नाही.