थायरॉइड मंदावला की कोलेस्टेरॉल का वाढतं?

रिपोर्ट न्यायला आलेले बरेच जण आम्हाला विचारतात, "कोलेस्टेरॉल वाढलंय, मग डॉक्टरांनी टीएसएच कशाला करायला सांगितलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. टीएसएच म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते पाहणारी रक्तचाचणी. त्याचं उत्तर यकृताच्या पेशीत सापडतं, पण ते काउंटरवर उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे हॉर्मोन सोडते. त्यात आयोडीनचे ४ अणू असतात. यकृतातलं एक एन्झाइम त्यातला एक अणू काढून घेतं आणि टी-३ तयार होतं. पेशीत खरं काम याचंच. ते पेशीकेंद्रात शिरतं तेव्हा त्याचा रिसेप्टर (त्याला पकडणारं प्रथिन) तिथे डीएनएवर बहुधा आधीच बसलेला असतो. बसायची जागाही ठरलेली. ए-जी-जी-टी-सी-ए ही ६ अक्षरं, मध्ये कोणतीही ४, आणि पुन्हा तीच ६, अशी खूण त्याला विशेष जमते.

टी-३ नसेल तर हा रिसेप्टर नुसता वाट पाहत बसत नाही. तो अशी प्रथिनं जवळ ओढतो की त्या भागातला डीएनए घट्ट गुंडाळला जातो आणि शेजारचं जनुक फारसं वाचलं जात नाही. टी-३ येऊन चिकटलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, दाबून धरणारी प्रथिनं सुटतात, वाचायला मदत करणारी त्यांच्या जागी येतात. थायरॉइड मंदावला की यकृतातल्या अनेक जनुकांवर असा दाब येतो, तो यामुळे. काही जनुकांचं मात्र नेमकं उलटं असतं, टी-३ आलं की तीच मंदावतात.

आता कोलेस्टेरॉलकडे येऊ. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, यकृत आत ओढून घेतं ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या एलडीएल रिसेप्टरने. टी-३ कमी पडलं की या एलडीएल रिसेप्टरचं जनुक कमी वाचलं जातं, रिसेप्टर कमी बनतात, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. खाण्यापिण्यात काडीचा बदल नसतानाही आकडा चढू शकतो, तो असा. अशा वेळी स्वतःला दोष देणारे लोक पाहिले की आम्हाला खरंच वाईट वाटतं.

थायरॉइडचं औषध, म्हणजे टी-४ ची गोळी, सुरू झाल्यावर आठवड्याभरात पुन्हा तपासणीला येऊ नका. टी-४ रक्तातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला ६ ते ८ आठवडे जातात. एलडीएलही त्यानंतरच पाहावं. गोळीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. काही पद्धतींच्या चाचण्यांत त्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात. ते निदान २ दिवस आधी थांबवलेलं बरं.