ॲस्पडिन बाप-लेकांचं सिमेंट

सिमेंटच्या गोणीवर आजही छापलं जाणारं 'पोर्टलँड' हे नाव इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका गवंड्याने ठेवलं. जोसेफ ॲस्पडिन त्याचं नाव, बापही गवंडीच. 21 ऑक्टोबर 1824 रोजी त्याने 'कृत्रिम दगडा'चं पेटंट मिळवलं. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचा पोर्टलँड दगड तेव्हा बांधकामात नावाजलेला होता. आपला माल त्याच तोडीचा, हे नावातूनच गिऱ्हाइकाला कळावं असा बेत.

पेटंटमधली कृती अशी: चुनखडी भाजायची, पाणी घालून चिकणमातीत कालवायची, वाळवून पुन्हा भाजायची आणि दळायची. प्रमाण मात्र सांगितलेलंच नाही! भट्टी किती तापवायची, तर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड पार निघून जाईपर्यंत. चुनखडी कुठून आणायची, तर रस्त्यांवरून. तिथे ती चाकांखाली आयतीच भरडलेली मिळे. पण जोसेफने फरसबंदीचे अख्खे दगडच उचलले आणि त्याबद्दल त्याच्यावर दोनदा खटला भरला गेला.

1825 मध्ये त्याने भागीदार घेऊन वेकफिल्डला कारखाना काढला. जेम्स आणि विल्यम ही दोन्ही मुलं धंद्यात आली. 1841 मध्ये विल्यम बाहेर पडला, तेव्हा बापाने जाहीर नोटीस दिली: हा आमचा एजंट राहिलेला नाही, त्याच्या कर्जाला आम्ही जबाबदार नाही.

विल्यमने 1843 मध्ये थेम्सकाठी रॉदरहाइथला स्वतःचा कारखाना थाटला. खरी रसायनाची गंमत इथे आहे. बापाच्या भट्टीत चुना आणि मातीतली सिलिका यांचं मुख्यतः बेलाइट बनत असे. त्यात कॅल्शियम कमी, आणि पाण्याशी त्याची क्रिया फार मंद. विल्यमने चुना वाढवला आणि आच इतकी वाढवली की मिश्रण अर्धवट वितळून त्याचे काळपट, कठीण गोळे झाले. तेच क्लिंकर. असे गोळे इतर भट्टीवाले 'जास्त भाजलेले' म्हणून फेकून देत; दळायलाही ते जिकिरीचे. पण साधारण 1250 अंश सेल्सियसच्या वरच तयार होणारं ॲलाइट त्यांतच असतं, आणि सिमेंटला पहिल्या काही आठवड्यांत येणारी ताकद बहुतांशी त्याचीच. आजच्या भट्ट्यांत मिश्रण सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवतात.

विल्यमने पेटंट काही घेतलं नाही, कारखान्याभोवती उंच भिंती तेवढ्या घातल्या. आयझॅक जॉन्सन या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने नंतर सांगितलं की विल्यम मोरचूद आणि कसल्याकसल्या भुकट्यांचं तबक घेऊन भट्टीत जाई आणि ती शिंपडी. मजुरांना वाटावं, गुपित त्या भुकटीतच आहे! जॉन्सनला ते शेवटी स्वतःच्याच भट्टीतल्या जास्त भाजलेल्या गोळ्यांत सापडलं. विल्यम पुढे जर्मनीत गेला आणि 1864 मध्ये तिथेच वारला.

बापाचं बेलाइट मात्र निकालात निघालं नाही. आजच्या क्लिंकरमध्येही ते असतं, आणि स्लॅब महिन्याभराचा झाल्यावर जी ताकद हळूहळू वाढत राहते, ती मुख्यतः त्याच्यामुळे.