गिझर थकला का डीपी थकली?

"पाणी कोमटच येते रे, हा डब्बा भंगारात देऊन टाक," असं आई तीन हिवाळ्यांपूर्वी रोज सकाळी म्हणायची आणि लाईटच्या कामाला येणाऱ्या मिस्त्रीनंही कव्हर न उघडताच "भाऊ, सहा वर्षं झाले ना, नवीनच घ्या" म्हणून टाकलं. पूर्वी आमच्याकडे चुलीवर पराटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळून गुंडभर पाणी तापायचं, त्यात बिघडायला काही नव्हतंच. गिझर मात्र आतून म्हातारा होतो आणि बाहेरून तसाच पांढराशुभ्र दिसत राहतो.

म्हटलं आधी हिशोब करू. 1 लिटर पाणी 1 डिग्रीनं तापवायला साधारण 4.2 किलोज्यूल लागतात. आमचा गिझर 15 लिटरचा, कॉईल 2000 वॅटची. थंडीत 20 डिग्रीचं पाणी 60 वर न्यायचं तर 2520 किलोज्यूल, म्हणजे 0.7 युनिट, आणि वेळ 21 मिनिटं. आमच्याकडे लागत होती 35-36. मिस्त्रीचाच मीटर मागून पहाटे साडेपाचला बोर्डात लावून पाहिला तर 175 व्होल्ट! 230 च्या जागी 175 आलं की करंटही त्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे फटका दोनदा बसतो, आणि 2000 वॅटची कॉईल 1160 वॅटवर येते. आता 2520 ला 1.16 नं भागा, 2172 सेकंद, म्हणजे 36 मिनिटं. गिझर ठणठणीत होता, त्या वेळेला सगळ्या गावाचे गिझर सुरू आणि वावरात हरभऱ्याच्या मोटारी सुरू, डीपी, म्हणजे गावाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, बिचारी किती ओढणार. आईला हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणे, "मंग डीपी बदल."

तर पाणी उशिरा तापतं म्हणून लगेच गिझर बदलू नका, आधी व्होल्टेज बघा. आणि अजिबातच तापत नसेल तर बहुतेक कॉईल नाहीतर थर्मोस्टॅट गेलेला असतो, दोन्ही बदलून मिळतात.

पुढच्या वर्षी आवाज सुरू झाला. बटन दाबलं की दहा मिनिटांनी आतून फुटाणे भाजल्यासारखं तडतड. आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्टाच तो, इथलं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही पण आंघोळीला तेच. अशा जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं, ते तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि ते पाण्यात राहत नाही, जिथं सगळ्यात गरम तिथंच जाऊन बसतं, म्हणजे कॉईलवर. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हे क्षाराचं उलटं आहे. त्या थराखाली पाणी अडकतं, त्याची वाफ होते, वाफेचे बुडबुडे फुटतात, तोच तडतड आवाज. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात हा जडपणा (कठीणपणा) लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. आंघोळीचं पाणी कोण तपासायला नेतो म्हणा.

एमसीबी पाडून, टाकी रिकामी करून मिस्त्रीनं खालची प्लेट उघडली तर कॉईल दिसतच नव्हती. पांढऱ्या-पिवळ्या पापुद्र्यांचा गोळा, वरून खरखरीत, मक्याच्या कणसासारखा, आणि टाकीच्या बुडातून तांब्याभर खडे निघाले. एका खड्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं, तो कार्बन डायऑक्साइड. अनेकांना वाटतं क्षारामुळं पाणी उशिरा तापतं. कॉईल पाण्यातच बुडालेली असते, उष्णता जाणार कुठं, शेवटी पाण्यातच जाते. पण थरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही म्हणून कॉईल स्वतः भलतीच तापते आणि एक दिवस चिरते. तेव्हा नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. असं झालं तर आंघोळ तिथंच सोडा, मेन पाडा, ओल्या हातानं तपासत बसू नका. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा भरवसा राहत नाही, म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लगेच वीज तोडणारं बटन, लावलेली बरी. हा खर्च मी तरी आधी करीन, गिझर नंतर.

त्याच प्लेटवर अजून एक तार लोंबत होती, मध्येमध्ये करड्या गाठी. मी विचारलं हे काय, मिस्त्री म्हणाला, "रॉड असते जी, संपली." मॅग्नेशियमची कांडी होती ती! टाकी लोखंडी पत्र्याची, आतून काचेसारखा मुलामा, पण मुलाम्यात कुठंतरी बारीक भोकं राहतातच. लोखंड आणि मॅग्नेशियम एकमेकांना जोडून पाण्यात ठेवले की मॅग्नेशियम आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. ही युक्ती इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी मांडली होती, तांबं तर वाचलं पण त्यावर मग शिंपले इतके चिकटले की जहाजंच मंदावली. गिझरला तो त्रास नाही. पण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळं रॉड भराभर संपते, आणि उन्हाळ्यात गिझर बंद असला तरी टाकीत पाणी भरलेलंच असतं, झिजणं चालूच. आमच्यासारख्या पाण्याला दरवर्षी प्लेट उघडून बघायला पाहिजे. दुकानदार स्टीलची टाकी घ्या म्हणतात, पण स्टीललाही क्लोराइड खड्डे पाडतं, जास्त करून वेल्डिंगपाशी.

रॉड आम्ही तेव्हा बदलली नाही. तालुक्याला मिळाली नाही आणि मग राहूनच गेलं, चूक माझीच.

यंदा जानेवारीत खाली थेंब दिसले. आता थेंब कुठून पडतो यावरच सगळं आहे. तापताना जास्तीचा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं टपकत असेल तर ते चालतं, 15 लिटर पाणी 20 वरून 60 ला गेलं की सव्वादोनशे मिली फुगतं, त्याला वाट पाहिजेच, आणि तो व्हॉल्व्ह बुच मारून बंद करणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं. प्लेटच्या कडेनं गळत असेल तर तिथली रबराची चकती, म्हणजे गॅस्केट, बदला. आमचं पाणी मात्र कव्हरच्या सांध्यातून, आतला फोम भिजवून येत होतं, तांबूस. दोन वाट्या घेतल्या, एकीत थंड नळाचं पाणी, दुसरीत गरम नळाचं. थंड स्वच्छ, गरमाच्या वाटीत तळाला गंज. दोन्हीत गंज असता तर पाईपावर संशय घेतला असता, इथं टाकीच गेली होती. त्याला वेल्डिंग मारू म्हणणारा भेटेल, पण मुलामा जळतो आणि शेजारी नवीन भोक पडतं, तिथं मात्र गिझर बदलायचाच.

भंगारवाल्यानं किलोच्या भावानं नेण्याआधी मी वेल्डरकडून टाकी मधून कापून घेतली. मुलामा बहुतेक जागी चकचकीत, जसा नवीन. फक्त बुडाच्या जोडावर एक तांबडी रेघ आणि त्या रेघेत मोहरीएवढं भोक. आई वाकून बघत म्हणाली, "एवढुशाच्यानं?"