लेथ मशीन शेडमध्ये आलं, आता पुढे काय? (आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार. आमच्याकडून घेतलेलं लेथ मशीन आता तुमच्या शेडमध्ये उभं आहे. मशीन बघायला आलेले बहुतेक ग्राहक बेडची (मशीनचा खालचा लांब पाया) लांबी विचारतात, मोटर किती एचपीची ते विचारतात आणि रंग कोणता देणार ते तर हमखास विचारतात. हेडस्टॉकमध्ये (डाव्या टोकाची, स्पिंडल म्हणजे फिरणारा दांडा आणि गिअर असलेली पेटी) तेल कोणतं, हे विचारणारे थोडेच. म्हणून हे पत्रक. ते मशीनजवळच्या भिंतीला लावा. ज्या कामगारांना मराठी वाचता येत नाही, त्यांना कुणीतरी हिंदीत समजावून सांगा.

चकची चावी

चावी चकमध्ये (जॉब पकडून फिरवणारा भाग) असेल तेव्हा हात चावीवर पाहिजे, आणि हात सुटायच्या आधी चावी बाहेर आली पाहिजे. जॉब (कापायचा तुकडा) बांधून होतो, तेवढ्यात फोन वाजतो, चावी चकमध्येच राहते आणि परत आलेला माणूस सवयीने मशीन चालू करतो. अपघात असाच होतो. फिरत्या चकमधून सुटलेली चावी समोरच्याच्या तोंडावर किंवा छातीत बसू शकते. आम्ही देतो त्या चावीच्या टोकाला स्प्रिंग आहे, त्यामुळे दाब काढला की चावी आपोआप बाहेर ढकलली जाते. काही टर्नरना ही स्प्रिंग त्रासाची वाटते आणि ते ती काढून टाकतात. कृपया काढू नका, त्यांनाही काढू देऊ नका.

हातमोजे, कडं, अंगठी

लेथवर हातमोजे घालायचे नाहीत. बरेच मालक सुरक्षेच्या नावाखाली कामगारांना हातमोजे आणून देतात. हेतू चांगला असला तरी लेथपुरता तो उलटा पडतो. चामडी सोलवटली तर जखम भरते. मोज्याचं टोक जॉबमध्ये अडकलं तर मोजा एकटा जात नाही, हात घेऊन जातो. हातातलं कडं, अंगठी, गंडादोरा, सैल बाही, गळ्यातला रुमाल यांचंही तसंच. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येही चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी अंगाला घट्ट बसणारे कपडे सांगितले होते. गॉगल मात्र हवाच, हेल्परलाही.

पॉलिश पेपर मारताना पट्टी बोटाभोवती गुंडाळू नका. दोन्ही टोकं वेगवेगळी धरा किंवा पेपर लाकडी पट्टीवर ठेवून मारा.

लांब, गुंतलेली चिप (कापताना निघणारा धातूचा कीस) निघत असेल तर ती हाताने ओढू नका. मशीन थांबवा आणि हुकाने काढा. त्या हुकाची मूठ सरळ असू द्या. सळईला वळवून गोल कडी केली की बोट कडीत अडकतं आणि चिपेबरोबर हातही ओढला जातो. खरं तर सारखी लांब चिप निघत असेल तर फीड (टूल सरकण्याचा वेग) थोडा वाढवून बघा किंवा टूलला चिप ब्रेकर (चिप तोडणारी खाच) घासा, म्हणजे हुक हातात घ्यायची वेळच कमी येईल.

मागून बाहेर आलेला बार

याकडे फार दुर्लक्ष होतं. स्पिंडलच्या भोकातून हेडस्टॉकच्या मागे बार हातभर बाहेर असतो, टर्नर पुढे बघत असतो आणि स्पीड वाढवतो. एका वेगाला पोचला की बार क्षणात वाकतो आणि मागची जागा झोडपून काढतो. मागे जाण्यायेण्याची वाट असेल तर प्रश्नच नको. बार कापून घ्या, नाहीतर मागे पाइपाचा आधार द्या. जुळवाजुळव करून भागत नाही.

स्पीडचा अंदाज असा काढा: कटिंग स्पीडला (मिनिटाला मीटर) ३२० ने गुणा आणि जॉबच्या व्यासाने (मिमी) भागा. एमएसचा (साधं पोलाद) ५० मिमी बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, मिनिटाला २५ मीटर धरले तर १६० आरपीएम येतात. गिअरवर नेमका आकडा नसेल तर त्याच्या खालचा घ्या. आणि गिअर मशीन पूर्ण थांबल्यावरच बदला.

लाइट गेली तर

आपल्याकडच्या बऱ्याच लेथना रिव्हर्स-फॉरवर्डचा हँडलवाला स्विच असतो. हँडल ज्या जागी ठेवलं त्याच जागी राहतं. लाइट जाते, सगळे चहाला जातात, कुणीतरी चक पुसायला किंवा जॉब मोजायला हात घालतो आणि तेवढ्यात लाइट येते. म्हणून लाइट गेली की आधी हँडल मधल्या जागी, मग चहा. मागे स्टार्टर असेल तर लाइट गेल्यावर तो स्वतः सुटतो. पण बटण दाबून राहावं म्हणून त्यात काडी खोचली तर ती सोय गेली. एक फेज गेली तर मोटर जळते, त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या.

मशीन हलवलं किंवा वायरिंग बदललं की चक काढून ठेवून मोटर कोणत्या बाजूला फिरते ते बघा. दोन फेज अदलाबदल झाल्या तर स्पिंडल उलटा फिरतो, आणि आट्यावर बसवलेला जुन्या पद्धतीचा चक उलट्या झटक्याने सैल होऊन सुटू शकतो. चक काढता-चढवताना खाली बेडवर लाकडी फळी ठेवा, बोटंही वाचतात आणि बेडही.

तेल, कूलंट आणि बेड

हेडस्टॉकची तेलाची काच रोज सकाळी बघा. बेडवर आणि लीडस्क्रूवर (बेडलगतचा लांब आट्यांचा दांडा) तेलाचा हात रोज फिरवा.

कूलंट बनवताना आधी पाणी आणि मग त्यात तेल, ढवळत ढवळत. उलटं केलं तर ते नीट मिसळत नाही. साध्या टर्निंगला वीस भाग पाण्याला एक भाग तेल चालतं. बोअरचं जड पाणी असेल तर थर धरतो, नळाचं वापरा. सुट्टीनंतर टाकीला वास मारत असेल तर वर तरंगणारं मशीनचं तेल गाळून काढा. त्या थराखाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात.

कोल्हापूर-सांगलीकडच्या ग्राहकांचं बरंच काम फौंड्रीतून आलेल्या बिडाच्या कास्टिंगचं असतं. बीड कोरडंच कापा. त्याच्या भुकटीत रेतीचे कण असतात. तेलात मिसळले की बेडवर घासणारा लेप तयार होतो. त्या दिवसाचं काम संपलं की बेड पुसूनच घरी जा. एअर गनने मारू नका. हवा ती भुकटी कॅरेजच्या (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) खाली ढकलते, आणि बाजूला उभ्या असलेल्याच्या डोळ्यात.

दसऱ्याला मशीन धुऊन पूजा करता, छानच. फक्त नारळाचं पाणी आणि कुंकू बेडवर राहिलं तर गंज धरतो, त्यामुळे ते दुसऱ्या दिवसावर न ठेवता पुसून तेल लावा. चकला घातलेला हार मशीन चालू करण्याआधी काढा. वर्षातून एकदा मशीन पूर्ण उघडून साफ करायला हाच दिवस सोयीचा: बेल्ट बघा (एक बदलायचा असेल तर सगळा सेट बदला), गिब (सरकत्या भागांतला ढिलेपणा काढणारी पट्टी) घट्ट करा, हेडस्टॉकचं तेल बदला.

आम्हाला फोन करण्याआधी

“मशीन टेपर मारतंय” (म्हणजे जॉब एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघतो) ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दोन सेंटरमध्ये धरल्यावर टेपर येत असेल तर आधी टेलस्टॉक (उजवीकडचा, जॉबच्या टोकाला आधार देणारा भाग) सरकलाय का ते बघा. चकमध्येच येत असेल तर बेड पिळला असण्याची शक्यता जास्त. फाउंडेशन बसल्यावर लेव्हल हलते, म्हणून आम्ही पहिल्या महिन्यानंतर पुन्हा लेव्हल तपासायला येतो. ती भेट टाळू नका. तिचे वेगळे पैसे नाहीत.

आवाजाची तक्रार असेल तर मशीनजवळ उभे राहूनच फोन करा आणि आवाज ऐकवा. कोणत्या गिअरला येतो आणि जॉब न लावताही येतो का, हे बघून ठेवा. गिअरबॉक्स मात्र आम्ही येईपर्यंत उघडू नका.