फाइल नसलेली लायब्ररी: लिनक्सवर गाडी कुठे अडते?

चालू प्रोग्रामला एखादी लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) जोडायची तर लिनक्सवर डीएलओपन हे फंक्शन वापरतात. त्याला फाइलचा पत्ता लागतो. लायब्ररीचे बाइट प्रोग्रामच्या पोटातच असतील तर ते त्याला थेट देता येत नाहीत. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ३.१७ (२०१४) आवृत्तीपासून यावर मार्ग आहे. मेमएफडी_क्रिएट हा सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) फक्त मेमरीत राहणारी फाइल बनवतो आणि त्या उघड्या फाइलचा क्रमांक देतो, समजा ३. तिच्यात बाइट लिहायचे आणि डीएलओपनला '/प्रोक/सेल्फ/एफडी/३' असा पत्ता द्यायचा.

डीएलओपनकडून 'फाइल टू शॉर्ट' ही एरर आली, तर फाइलमध्ये जवळजवळ काहीच लिहिलं गेलेलं नाही. अर्धवट लिहिली असेल तर बहुधा थेट 'बस एरर' येऊन प्रोग्राम कोसळतो. म्हणून फाइलमध्ये लिहिणाऱ्या राइट या कॉलने किती बाइट लिहिले ते दर वेळी तपासा आणि उरलेले पुन्हा लिहा. 'राँग ईएलएफ क्लास' म्हणजे ३२ आणि ६४ बिटांची गल्लत (ईएलएफ हा लिनक्सवरच्या प्रोग्राम आणि लायब्ररींच्या फाइलचा साचा). 'नो सच फाइल' आलं, तर त्या वातावरणात '/प्रोक' (चालू प्रोग्रामांची माहिती दाखवणारी कर्नलची डिरेक्टरी) माउंट, म्हणजे जोडलेली, आहे का ते आधी बघा.

सगळ्यात छळणारा दोष मात्र एररच देत नाही. पहिली लायब्ररी लोड झाली की क्रमांक ३ बंद केला जातो. त्यात गैर काही नाही, कारण मजकूर मेमरीत मॅप झालेला असतो. पण पुढच्या मेमरी-फाइललाही तोच ३ मिळतो. ग्लिबसी या लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचा लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा भाग) आधी पत्त्याची अक्षरं जुळवतो, 'ही तर लोड झालेली आहे' असं धरतो आणि जुनीच लायब्ररी परत देतो. नवं फंक्शन सापडत नाही. दोन्ही लायब्ररींत फंक्शनचं नाव सारखंच असेल तर गुपचूप जुना कोड चालतो, आणि हे जास्त घातक. लायब्ररी वापरात आहे तोवर क्रमांक उघडाच ठेवा. मेमएफडी_क्रिएटला दर वेळी वेगळं नाव दिलंत, तर मेमरीत काय काय मॅप झालंय ते दाखवणाऱ्या '/प्रोक/सेल्फ/मॅप्स'मध्ये दोन्ही नावं दिसतात की एकच, हे लगेच कळतं.

लायब्ररीला दुसरी लायब्ररी लागत असेल, तर लोडर ती डिस्कवर शोधतो. 'रीडईएलएफ -डी' ही कमांड चालवून 'नीडेड'च्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळी वाचा आणि ती दुसरी लायब्ररी आधी लोड करा. तिचं 'एसओनेम' (लायब्ररीत नोंदलेलं तिचं नाव) जुळलं की ग्लिबसी डिस्कवर जात नाही.

जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात या लायब्ररीची सिम्बॉल्स (फंक्शनांची नावं) दिसत नाहीत, कारण तिथे 'सेल्फ' म्हणजे खुद्द जीडीबी. पत्त्यात 'सेल्फ'ऐवजी प्रोसेसचा क्रमांक घाला.